कमरेएवढा खोका

माझे मामा इंदूरच्या एका कापडगिरणीत रिंगखात्यात कामाला होते. दर मे महिन्यात आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी जाई. बेळगावहून मिरजेपर्यंत छोटी गाडी, तेथून पुढे मोठी गाडी, मग कल्याण-भुसावळ करीत खांडवा, आणि खांडव्याला उतरले की पुन्हा छोटी गाडी. काळाकुंडला कलाकंदाचे द्रोण विकत घ्यायचे, पाताळपाणीचा धबधबा आटलेला पाहायचा आणि महू मागे टाकून संध्याकाळी इंदूरला पोहोचायचे. प्रवासाच्या दोन्ही टोकांना अरुंद रूळ आणि दोन्ही टोकांना दुसऱ्या भाषेच्या शेजारात वाढलेली मराठी. आम्ही ‘जेवालोय’ म्हणालो की मामेभाऊ हसायचा. तो ‘मी जेवून राहिलो’ म्हणाला की आम्ही हसायचो. सीमाभागातील वाचकांना यातली गोडी समजावून सांगायला नको.

मामा नंदानगरात राहत. गुलझारीलाल नंदा यांच्या नावाने वसलेली ही कामगारांची वसाहत. गिरणीचा भोंगा झाला की मामी चहाचे आधण ठेवी. थोड्या वेळाने मामा दारात दिसत. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू आणि उजवा हात कमरेवर. मामा उंच होते, पण मला ते कधी सरळ उभे राहिलेले आठवत नाहीत. घरात आल्यावर ते आधी ओसरीवर उताणे पडत आणि धाकट्या मामेबहिणीला पाठीवर नव्हे, तर पोटावर बसवून घेत. पाठ जमिनीला टेकावी म्हणून हा उपाय होता, हे मला फार उशिरा कळले.

त्यांचे काम सांगायला सोपे होते. रिंगच्या सांच्यावर चात्यांची लांबलचक रांग असते. बाबीण सुताने भरली की ती उपसायची, टोपलीत टाकायची आणि तिच्या जागी रिकामी बसवायची. टोपली जमिनीवर. एका पाळीत आपण किती वेळा कमरेतून वाकतो, हे एकदा त्यांनी खडूच्या रेघा ओढून मोजले होते. सहाशेच्या घरात आकडा गेला. हिशेबाची मला लहानपणापासून आवड. वर्षाचे तीनशे दिवस आणि नोकरीची अठ्ठावीस वर्षे धरून मी पुढे गुणाकार केला, तेव्हा पन्नास लाख चाळीस हजार हे उत्तर आले.

मामांनी यावर एक तोड काढली होती. चहाच्या पेटीचे लाकूड मिळवून त्यांनी कमरेएवढा एक खोका ठोकला आणि टोपली त्यावर ठेवू लागले. सांच्यापुढे वाकणे टळले नाही, पण टोपलीसाठी वाकणे टळले. शिवाय, त्यांच्याच शब्दांत, “बाबीण खाली पडणं बंद झालं. खाली पडली की तेल लागतं, तेल लागलं की सूत गेलं.” पंधरा दिवस हा खोका टिकला. मग कोणी बडे साहेब खाते पाहायला येणार म्हणून वाट मोकळी करायचा हुकूम झाला आणि खोका गेला. टोपली पुन्हा जमिनीवर आली. मामा ही गोष्ट रागाने सांगत नसत. “साहेबांना वाट मोकळी पाहिजे होती,” एवढेच म्हणत.

इतिहास हा माझा एम. ए.चा विषय. वर्गात मी लढाया आणि तह शिकवतो. पण गेली काही वर्षे मला वाटू लागले आहे की, त्या खोक्याचाही एक इतिहास आहे आणि तो लिहायला हवा. हा लेख म्हणजे तसा एक प्रयत्न.

इंदूर हे होळकरांचे शहर म्हणून आपण ओळखतो, पण ते गिरण्यांचेही शहर होते. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. त्यानंतर वीस वर्षेही लोटली नव्हती, तोच १८७० च्या सुमारास महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंदुरात संस्थानची गिरणी काढली. हा राजा काळाची पावले ओळखणारा होता. खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. आम्ही ज्या छोट्या गाडीने आजोळी जायचो, ती त्या कर्जावर धावलेली होती. पुढे १९०९ मध्ये मालवा मिल निघाली. मग सर सेठ हुकुमचंद यांची हुकुमचंद मिल आली, राजकुमार मिल आली, कल्याणमल, स्वदेशी आणि भंडारी मिलही आल्या. माळव्याच्या काळ्या मातीत कापूस होता, पैसा होता आणि गावोगावची माणसे कामासाठी येऊन राहत होती. त्यांत मराठी माणसेही होती. गिरणी कामगारांनी वर्गणी काढून अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांची मिरवणूक सुरू केली. तिला आता शंभर वर्षे झाली आहेत. गिरण्या बंद पडल्या, पण मिरवणूक बंद पडली नाही.

या गिरण्यांच्या काळात यंत्रे बहुतेक विलायतेहून येत. लँकेशायरमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स हे त्या व्यवसायातले जगातले बडे नाव. सांच्याची उंची, चात्यांची रांग किती खाली असावी, हात किती लांब पोहोचावा, हे सारे तेथे ठरून येई. माळव्यातला किंवा निमाडातला माणूस त्या सांच्यासमोर उभा केला जाई. तो उंच असेल तर वाकेल, ठेंगणा असेल तर चवड्यांवर उभा राहील. यंत्र माणसाला जुळवून घेणार नव्हते. माणसानेच यंत्राला जुळवून घ्यायचे होते.

याच्या उलट चित्र इंदूरहून फार दूर नसलेल्या महेश्वरात पाहायला मिळे. अहिल्याबाईंनी तेथे विणकर वसवले. त्यांचा जुना माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या पायांनी दाबतो. हात मोकळे राहतात. खड्डा किती खोल असावा हे ज्याच्या त्याच्या पायांच्या लांबीवर ठरते. असे माग सुखाचे होते, असे मी म्हणणार नाही. ओल, अंधार आणि तासन्‌तास एका जागी बसणे हे त्यातही होतेच. पण कामाची जागा त्या माणसाच्या मापाने बेतली जाई, हा मुद्दा महत्त्वाचा. आपल्याकडे सोनाराची बैठक, चांभाराची ऐरण, कुंभाराचे चाक या सर्वांना हाच नियम होता. कारखाना आला आणि हे माप हरवले.

हरवलेल्या या मापाचा शोध पाश्चात्त्यांनाच प्रथम घ्यावा लागला. पोलंडमधील यास्त्रझेंबोव्स्की नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये काम आणि नियम या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘एर्गोनॉमिक्स’ ही संज्ञा घडवली. आपण तिला श्रमशास्त्र म्हणू. पण ती संज्ञा विस्मरणात गेली आणि इंग्लंडमध्ये १९४९ साली तिला पुन्हा जन्म मिळाला. दरम्यान अमेरिकेत दोन माणसांनी दोन वेगळ्या वाटांनी हाच प्रश्न हाताळला होता.

पहिला फ्रेडरिक टेलर. हातात घड्याळ घेऊन तो कामगारामागे उभा राहिला. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंडाच्या लाद्या उचलून गाडीत भरत असे. टेलरने ‘श्मिट’ असे टोपणनाव दिलेल्या मजुराकडून तेच काम साडेसत्तेचाळीस टनांवर नेले आणि मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटवर. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. हा हिशेब आठवीतला मुलगाही करील.

दुसरा फ्रँक गिलब्रेथ. हा स्वतः गवंडीकाम शिकलेला. त्याच्या लक्षात आले की गवंडी प्रत्येक विटेसाठी जमिनीपर्यंत वाकतो; वीट काही किलोंची, पण तिच्याबरोबर तो आपले सबंध धड खाली नेतो आणि पुन्हा वर आणतो. त्याने भिंतीबरोबर वर चढवता येणारी परांची केली, विटा कमरेच्या उंचीवर, हाताशी येतील अशा रचून ठेवल्या. एक वीट लावण्याच्या अठरा हालचाली पाचांवर आल्या. तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० लावू लागला. मामांच्या खोक्याची गोष्ट इथे मला प्रथम भेटली. गिलब्रेथच्या निधनानंतर त्याची पत्नी लिलियन हिने बारा अपत्यांच्या संसारातून हे काम पुढे नेले आणि स्वयंपाकघराकडेही वळवले. पायाने झाकण उघडणारी कचऱ्याची बादली ही तिच्याच कल्पनांपैकी एक मानली जाते. आपल्याकडे चूल जमिनीवरून ओट्यावर आली, तेव्हा आपल्या आया-मावश्यांना काय वाटले असेल हे ज्याने त्याने घरी विचारावे. माझी आई म्हणे, “ओटा झाला आणि माझं वय दहा वर्षांनी मागं गेलं.”

मात्र आपल्या गिरण्यांपर्यंत आली ती गिलब्रेथची परांची नव्हे, टेलरचे घड्याळ आले. १९२० नंतरच्या मंदीत मुंबईच्या मालकांनी ‘रॅशनलायझेशन’ काढले. मागवाल्याने दोन मागांऐवजी तीन-चार सांभाळावेत, रिंगवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. जागा तीच, उष्मा तोच, सूत तेच तुटणारे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार त्या संपात होते, ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे हे त्यातले पुढारी. संपाला इतर कारणेही होती, पण वाढत्या कामाचे कारण मोठे होते. ‘कार्यक्षमता’ या शब्दाबद्दल आपल्या कामगारांच्या मनात जी अढी बसली, ती तेव्हापासूनची. आणि ती अकारण बसली असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणू शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर एक वेगळा प्रयोग अहमदाबादेत झाला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात पाहणी केली. २२४ माग आणि २८ माणसे. प्रत्येकाचे काम वेगळे, कोणाचा कोणाशी मेळ नाही. माल खराब होत होता. राइस यांनी छोटे गट सुचवले आणि कामगारांनी ती कल्पना उचलून आपापले गट स्वतःच जमवले. उत्पादन वाढले, कापडातला खराबा उतरला. काम करणाऱ्याला विचारून कामाची मांडणी केली तर नुकसान कमी होते, हा धडा आपल्याच देशात, आपल्याच गिरणीत मिळालेला होता. तो फारसा कोणी गिरवला नाही.

आता जपानकडे वळू. गंमत अशी की, ज्याला आज सारे जग ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ म्हणजे काटकसरीचे उत्पादन म्हणते, त्याचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने १८९१ मध्ये पहिले पेटंट घेतले ते हातमागाचे. पूर्वी दोन्ही हात लागत. या मागावर एका हाताने विणता येई. आपल्या आईचे आणि गावच्या बायकांचे कष्ट पाहून त्याला ही बुद्धी झाली असे सांगतात. १९२४ मध्ये त्याने असा यंत्रमाग सिद्ध केला की, धागा तुटला की माग आपोआप थांबे. मग मागाकडे डोळे लावून उभे राहण्याची गरज उरली नाही. एकट्या माणसाला तीसएक माग पाहता येऊ लागले. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क विकत घेतले ते कोणी? ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी! ज्यांची यंत्रे जगभर जात, त्यांनी सुताराच्या मुलाची कल्पना विकत घेतली. पुढे त्याच घराण्याने मोटारी काढल्या.

या टोयोडांच्या सूतगिरणीत १९३२ साली ताईची ओनो नावाचा तरुण नोकरीला लागला आणि १९४३ मध्ये मोटारीच्या कारखान्यात गेला. गिरणीतली शिकवण त्याने तेथे नेली. त्याने नुकसानीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहत थांबणे, मालाची विनाकारण ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. यातल्या सहाव्या प्रकारापाशी मी वाचताना थांबलो. अनावश्यक हालचाल! मामांचे टोपलीसाठी वाकणे जपानी भाषेत नुकसान म्हणून नोंदले गेले होते. आणि त्या वाकण्यातूनच बाबीण पडे, म्हणजे सातवा प्रकार सहाव्याच्या पोटातून निघे. जपानी लोक नुकसानीला ‘मुदा’ म्हणतात. पण त्यांच्याकडे या शब्दाची दोन भावंडे आहेत. ‘मुरा’ म्हणजे कामाची चढउतार आणि ‘मुरी’ म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही असा भार. तिन्ही एकत्र काढायचे असतात. अमेरिकनांनी १९८८ नंतर ‘लीन’ हे नाव देऊन ही विद्या जगभर नेली, तेव्हा मुदा सर्वांच्या तोंडी झाला आणि मुरी मागे पडली. कचरा काढायचा हे सर्वांना पटले; ओझे उतरवायचे हे कमी जणांना पटले.

येथे आपल्या बेळगावचाही एक धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. कडबा कापण्याचे यंत्र म्हणजे तरी काय? विळीपुढे उकिडवे बसण्याऐवजी उभ्याने चाक फिरवणे. १९९७ मध्ये त्याच किर्लोस्कर घराण्याने टोयोटाबरोबर भागीदारी करून बंगळूरजवळ बिडदी येथे मोटारींचा कारखाना काढला. बेळगावचा सायकलवाला आणि जपानचा मागवाला यांचे वारसदार एका छपराखाली आले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

इंदूरच्या गिरण्यांना मात्र हे दिवस दिसले नाहीत. त्यांतल्या काही १९७४ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. यंत्रे जुनी होत गेली, यंत्रमागांशी स्पर्धा वाढली. १२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद झाली. पाच हजार आठशेहून अधिक कामगार घरी बसले. त्यांच्या थकबाकीचा निकाल लागून २२४ कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर कित्येक जण वाट पाहत गेले होते. ओनोच्या यादीतला दुसरा प्रकार वाट पाहत थांबणे हा आहे, पण ही वाट त्या यादीत बसणारी नव्हे.

माझे मामा दुसऱ्या गिरणीत होते. तीही बंद पडली. ते २००३ साली गेले. शेवटची चार वर्षे ते काठी टेकून, जमिनीकडे पाहत चालायचे.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला इंदूरला गेलो होतो. आता छोटी गाडी नाही, भोंगाही नाही. स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिले येणारे शहर म्हणून सगळे इंदूरचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मामेभाऊ माझ्याहून वयाने मोठा. त्याला मी दादा म्हणतो. तो धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या जुळणीवर होता आणि आता निवृत्त झाला आहे. पीथमपूर १९८० नंतर उभे राहिले. पुण्याच्या फिरोदियांची किनेटिक होंडा १९८४ मध्ये तेथूनच बाहेर पडू लागली. ती स्कूटर आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असेल. लग्नानंतर दादाने ओळख काढून मला आपल्या जुन्या कारखान्यात नेले.

तेथे मी जे पाहिले ते साध्या शब्दांत सांगतो. प्रत्येक कामगारापुढे एक टेबल आणि त्या टेबलाची उंची दांडा फिरवून कमी-जास्त करता येते. सुटे भाग मागच्या बाजूने उतरत्या फळीवर ठेवतात. ते घरंगळत आपोआप हाताशी येतात. पेच आवळण्याचे हत्यार स्प्रिंगला टांगलेले. ओढले की खाली येते, सोडले की वर जाते, वजन हाताला लागत नाही. जे दर मिनिटाला लागते ते कोपराच्या टप्प्यात, जे तासाला लागते ते हात लांबवून मिळेल असे. पायाखाली जाड रबरी गादी. आणि तयार मालाचा ट्रे जमिनीवर नव्हे, तर कमरेच्या उंचीच्या लोखंडी चौकटीवर.

मी त्या चौकटीकडे पाहत राहिलो. दादा म्हणाला, “काय पाहून राहिला? बाबांचा खोकाच आहे तो. फक्त याला रंग दिलाय.”

मग त्याने सांगितले. पूर्वी या ठिकाणी ट्रे जमिनीवर असे. भाग घासले जात, ओरखडे पडत, तपासणीत माल परत येई. पाठदुखीच्या रजा पडत आणि बदली माणूस आला की चुका वाढत. चौकटी बसवल्यावर हे सारे कमी झाले. मी मुद्दाम विचारले, “मग वेळ वाचला त्याचं काय झालं?” दादा हसला. “पहिले सहा महिने आम्हाला श्वास मिळाला. मग नग वाढवले.” थोडे थांबून म्हणाला, “पण पाठ शाबूत राहिली, हे खरं आहे. बाबांसारखी काठी नाही लागली मला.”

हे उत्तर मला कोणत्याही ग्रंथापेक्षा प्रामाणिक वाटले. वाचवलेले सेकंद कोणाचे, हा १९२८ चा प्रश्न पीथमपुरातही संपलेला नाही. जागा सुधारली आणि सगळे सेकंद मालकाने घेतले, तर ओझे एका रूपातून दुसऱ्या रूपात गेले इतकेच. पण म्हणून जागा सुधारूच नये, असेही कोणी म्हणू नये. वाकलेल्या पाठीने कोणत्याही हक्काची लढाई सोपी होत नाही.

लेख येथे संपवला असता तर मला बरे वाटले असते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंदूरहून परतल्यावर महिन्याभराने आमच्या शाळेत तपासणी होती. माध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक करणाऱ्या दोन बाया आहेत. त्यांतल्या थोरल्या बाईंना सगळी शाळा अक्का म्हणते. घरी कन्नड, शाळेत मराठी, दोन्ही सारख्याच सफाईने बोलतात. तांदूळ निवडणे, भाज्या चिरणे, भाताची मोठी पातेली उतरवून वाढप करणे हे सारे जमिनीवर चाले. अक्कांनी मोडक्या वर्गातली दोन बाके आणून व्हरांड्यात लावली होती आणि वाढपाची पातेली त्यांवर ठेवायला सुरुवात केली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी मी फेरी मारली, बाके दिसली आणि शिपायाला म्हणालो, “ही मोडकी बाके उचला. उद्या साहेब येणार आहेत. वाट मोकळी पाहिजे.”

बाके उचलली गेली. अक्का काही बोलल्या नाहीत. पातेले जमिनीवर ठेवून त्या डावा हात गुडघ्यावर टेकत वाकल्या आणि उजवा हात त्यांनी कमरेवर ठेवला. तो हात मी ओळखला. मी घरी गेलो, तेव्हा माझ्या तोंडून निघालेले वाक्य कोणाचे होते हे मला आठवले. रात्री जेवण गेले नाही.

तपासणी पार पडल्यावर मी अक्कांकडे गेलो आणि विचारले, “ओटा केवढा उंच पाहिजे?” त्या आधी संकोचल्या. मग म्हणाल्या, “सर, माझ्या मापानं केला तर हिला उंच होईल.” दुसरी बाई ठेंगणी आहे. शेवटी गवंड्याला बोलावले आणि दोघींना उभे करून कोपराची उंची खडूने भिंतीवर आखून घेतली. ओटा मधल्या मापाचा झाला आणि ठेंगण्या बाईंसाठी खाली एक रुंद पायरी केली. खर्च माजी विद्यार्थ्यांनी दिला. पूर्वी वाढप संपल्यावर जमिनीवरचा सांडलेला भात सुपाने गोळा करून गुरांना टाकावा लागे. आता एक वाटीभर निघतो, कधी तोही निघत नाही. ओनोच्या यादीत याला काय म्हणतात ते आता वाचकांना माहीत आहे.

अक्कांनी खडूची ती खूण अजून पुसू दिलेली नाही. परवा नवा रंग देणाऱ्याला त्यांनी भिंतीचा तेवढा तुकडा सोडायला लावला. मी त्याला म्हणालो, “राहू दे तो.”